अबोला, चिडचिड आणि समुपदेशन: एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्या ३६ वर्षांच्या असून पती, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई यांच्यासोबत डोंबिवलीत राहतात. नोकरी दादरला आहे. दीड वर्षापूर्वी त्यांच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि तेव्हापासून त्या एक आड एक शनिवारी नाशिकला जातात. गेल्या काही महिन्यांत त्यांना लोकलमध्ये उभ्याउभ्या रडू येते, घरी आल्यावर क्षुल्लक कारणावरून तोंडातून नको ते निघते आणि मग पती दोन-दोन, तीन-तीन दिवस बोलत नाहीत. समुपदेशनाचे नाव काढले की पती म्हणतात, "आपल्या घरातलं चव्हाट्यावर कशाला मांडायचं?" त्या स्वतःही विचारतात, की तिथे जाऊन शेवटी 'जुळवून घ्या' हेच ऐकायचे असेल, तर त्यासाठी रजा आणि पैसे का खर्च करायचे?

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण ती रास्त आहे आणि तिच्यामागे अनुभव आहे. आपल्याकडे नवराबायकोचे बिनसले की दोन्हीकडची वडीलधारी माणसे एकत्र बसत, चहा होई, जुने सगळे उकरून काढले जाई आणि उठताना मुलीला सांगितले जाई, की संसार म्हटला की थोडे सोसावे लागते. त्या बैठकीतून समेट होत असे आणि कधीकधी त्याचा उपयोगही होत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण समुपदेशन ही वेगळी गोष्ट आहे. तिथे निवाडा द्यायचा नसतो. जो समुपदेशक दुसऱ्याच भेटीत "ताई, तुम्हीच जरा समजून घ्या" असे म्हणेल, त्याच्याकडे तिसऱ्यांदा जाऊ नका, असे मी स्वच्छ सांगेन.

निवाड्याची अपेक्षा मात्र येणाऱ्या जवळपास प्रत्येक जोडप्याच्या मनात असते. मी बावीस वर्षे हे काम करते आहे आणि पहिल्या दोन भेटी बहुधा पुरावे मांडण्यातच जातात. मोबाइलवरचे संदेश दाखवले जातात, साक्षीदार म्हणून नणंदेचे किंवा मेहुण्याचे नाव घेतले जाते. एका गृहस्थांनी तर पत्नीची मनाला लागलेली वाक्ये तारीखवार टाइप करून त्यांची प्रिंट आणली होती. चार पाने भरली होती. मी ती वाचली नाहीत. बायकोशी बोलायचे सोडून तिच्या बोलण्याची नोंदवही ठेवण्याची वेळ या माणसावर कशी आली, यावरच आम्ही पुढचे सहा आठवडे बोलत राहिलो. (या उत्तरात दिलेल्या उदाहरणांतले ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदलले आहेत.)

तुमच्या पत्रात दोन गुंते एकमेकांत अडकले आहेत: पतीशी ताणलेले नाते आणि काठोकाठ भरलेले मन. ही दोन्ही कामे एकदम हाती घेतली की एकही धड होत नाही. माझ्या मते तुमच्या बाबतीत मनावरचे ओझे आधी उतरवायला हवे. दीड वर्षात तुम्हाला पूर्ण मोकळे असे शनिवार-रविवार फारसे मिळालेले दिसत नाहीत. जो शनिवार नाशिकचा नसतो, तो बहुधा घरातली तुंबलेली कामे उरकण्यात जात असणार. वडील डोळ्यांसमोर आहेत, पण पूर्वीचे वडील राहिलेले नाहीत. या दुःखाला आपल्याकडे कोणी दुःख म्हणत नाही, कारण माणूस हयात आहे. ते दुःख कुठे मांडायला जागा नसते, म्हणून ते सिंकमधल्या खरकट्या भांड्यांवरून बाहेर पडते. अशा वेळी भांडण पतीशी चाललेले दिसते, आणि खरे तर पुष्कळदा आतला थकवाच भांडत असतो.

भावना अनावर होतात तेव्हा शरीरात काय घडते, हे ठाऊक असले की स्वतःला दोष देणे थोडे कमी होते. धोका जाणवला की मेंदूतली धोक्याची यंत्रणा आधी कामाला लागते, अ‍ॅड्रेनलिन वाढते, काळीज धडधडू लागते, श्वास उथळ होतो आणि तोलूनमापून विचार करण्याचे, समोरच्याचे म्हणणे ऐकून घेण्याचे काम मागे पडते. साप दिसल्यावर ही व्यवस्था जीव वाचवते, "आज पण उशीर?" या प्रश्नापुढे ती काहीच कामाची नसते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवले आणि त्यांच्या हृदयाचे ठोके मोजत त्यांच्या वादांचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले. ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की माणूस समोरच्याचे बोलणे नीट ऐकूच शकत नाही आणि शरीर पूर्वपदावर यायला किमान वीस मिनिटे लागतात, असे त्यांच्या कामातून पुढे आले. मला यातली सर्वांत उपयोगी गोष्ट ही वाटते, की ओरडणारा आणि गप्प बसणारा असे दोघेही याच अवस्थेत असू शकतात. तुमचे पती मोबाइलमध्ये डोके खुपसून बसतात तेव्हा त्यांना काहीच वाटत नाही, असे तुम्हाला वाटते. त्यांची नाडी पाहिली तर कदाचित निराळेच दिसेल.

आता खोलीत प्रत्यक्ष काय चालते, ते सांगते. एका जोडप्याचे भांडण डब्यावरून झाले होते. नवऱ्याने डबा न खाता परत आणला. रात्री साडेआठला ओट्यापाशी पिशवी उघडल्यावर पत्नीला भाजी जशीच्या तशी दिसली. ती म्हणाली, "उद्यापासून बाहेरच जेवत जा." तो काही न बोलता बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून उभा राहिला, बाहेर त्याच्या आईने टीव्हीचा आवाज वाढवला. एकूण भांडण चार मिनिटांचे होते. आमची पन्नास मिनिटांची भेट त्या चार मिनिटांवर खर्च झाली. पिशवी उघडली तेव्हा डोळ्यांसमोर काय आले, असे मी पत्नीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "पहाटे साडेपाचला मी मेथी निवडत बसले होते, ते." शरीरात कुठे जाणवले, असे विचारल्यावर तिने गळ्याला हात लावला. त्याला विचारले, की तिचे वाक्य तुम्हाला कसे ऐकू आले. तो बराच वेळ टेबलाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "मी कशाच्याच लायकीचा नाही, असं ऐकू आलं." मग कळले, की त्या दिवशी दुपारी त्याला साहेबांनी सगळ्यांसमोर झापले होते आणि त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता. घरी का सांगितले नाही, तर "तिच्या डोक्याला अजून एक ताप कशाला." या गोष्टीला अकरा दिवस झाले होते. पत्नी त्याच्याकडे वळून म्हणाली, "कोण बोललं? काय बोलले?" कित्येक महिन्यांत तिने त्याला विचारलेला, ज्यात आरोप नाही असा, तो पहिला प्रश्न होता.

यात मी सल्ला एकही दिला नाही. भांडणाची गती कमी केली, एवढेच केले. डब्याचा प्रश्न त्यानंतरही दोनदा उपटला, कारण काही मतभेद स्वभावातून आणि सवयींतून येतात आणि ते राहतातच. गॉटमन यांच्या निरीक्षणात जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के मतभेद हे असे कधीच कायमचे न मिटणारे निघाले. हा आकडा मी पहिल्या महिन्यातच जोडप्यांना सांगते आणि त्यांना निराशेऐवजी हायसे वाटलेले पाहते. भांडणाचा विषय तोच राहिला तरी त्याची चाल बदलते आणि माझ्या अनुभवात संसार तरतो किंवा मोडतो तो बहुतेक वेळा या चालीवर. एक जण टोचून बोलतो, दुसरा आक्रसतो. तो आक्रसला म्हणून पहिला आणखी टोचतो आणि आणखी टोचले म्हणून दुसरा आणखी आत जातो. तुमच्या घरात हेच चालले आहे, असे पत्रावरून तरी वाटते. तुम्ही दोघे ही चाल कागदावर काढून पाहू शकलात, की "तू अशी" आणि "तू असा" यांच्या जागी "आपलं पुन्हा ते सुरू झालं" असे वाक्य येऊ लागते.

नाते पोखरणाऱ्या चार सवयी गॉटमन यांनी सांगितल्या आहेत आणि चारही सवयींना आपल्या घरांत आधीपासून नावे आहेत, याची मला नेहमी गंमत वाटते. उणीदुणी काढणे, हिणवणे, स्वतःवर काही येऊ न देता उलट समोरच्याच्या चुका दाखवणे आणि अबोला. यांतले हिणवणे सर्वांत विषारी, असे ते म्हणतात आणि माझा अनुभवही तोच आहे. राग धुमसून विझतो, पण "तुझ्या माहेरी हेच शिकवलं का" असा टोमणा वीस वर्षांनीही शब्दशः आठवतो. अबोल्याला मात्र मराठी घरांत एक प्रकारची प्रतिष्ठा आहे. "आमचे हे रागावले की बोलत नाहीत, पण हात कधी उगारला नाही" हे वाक्य बायका कौतुकाने सांगतात. तीन दिवसांचा अबोला हीसुद्धा शिक्षा असते, आणि घरातले सात वर्षांचे मूल ती भोगत असते, हे पतींना शांतपणे दाखवून द्यावे लागते.

अबोला आणि विराम यांत फरक आहे, आणि हा फरक शिकवणे हे समुपदेशनातले अगदी साधे आणि अगदी कठीण काम आहे. विराम घेणारा माणूस सांगून जातो आणि परत कधी येणार तेही सांगतो: "मला आत्ता सुधरत नाहीये, मी साडेनऊला येऊन बोलतो." त्या वीस-तीस मिनिटांत मनातल्या मनात पुढचा वार परजत बसले तर ठोके उतरत नाहीत, त्यामुळे भांडणाशी संबंध नसलेले काहीतरी करावे लागते. पुस्तकांत हे वाचायला सोपे वाटते, पण वन बीएचकेमध्ये, जिथे हॉलमध्ये सासूबाई झोपलेल्या आणि आत मुलीचा अभ्यास चाललेला असतो, तिथे माणसाने जायचे कुठे? म्हणून मी जोडप्यांना घराचा नकाशा काढायला लावते. कोणी गच्चीचा जिना निवडतो, कोणी दूध आणायच्या निमित्ताने बिल्डिंगला फेरी मारतो. एका बाईंनी कपडे घड्या करण्याचे काम या कारणासाठी मुद्दाम राखून ठेवले होते. ठरलेल्या वेळी परत येणे मात्र चुकवायचे नाही. ते दोनदा चुकले की विरामाचा पुन्हा अबोला होतो आणि विश्वास पहिल्यापेक्षा खाली जातो.

तुमच्या एकटीच्या मनासाठी जे काम होईल, त्याची सुरुवात बहुधा शब्दांपासून होईल. हल्ली सगळ्यालाच 'टेन्शन' म्हणायची सवय लागली आहे आणि या एका शब्दाखाली भीती, अपराधीपणा, अपमान, एकटेपणा, निव्वळ झोपेचा अभाव असे काहीही दडलेले असते. आपली भाषा याबाबतीत फार श्रीमंत आहे: घालमेल, तगमग, घुसमट, धास्ती, हुरहुर, हिरमोड, उबग. मी अनेकांना एका साध्या वहीत रोज रात्री तीन ओळी लिहायला सांगते: काय घडले, शरीरात कुठे जाणवले, त्या भावनेला नेमके नाव काय. भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या धोक्याच्या केंद्राची खळबळ कमी होते, असे मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवले होते. वहीचा दुसरा फायदा व्यवहारातला आहे. तीन आठवड्यांच्या नोंदी समोर असल्या की रडू नेमके कधी येते ते दिसते. तुमच्या बाबतीत नाशिकहून परतल्यानंतरच्या सोमवारी ते जास्त येत असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

त्यानंतरचा भाग विचारांचा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात चांगली रुजली आहे आणि मराठीत ती शिकवताना 'च' या एका अक्षराचा फार उपयोग होतो. "त्यांनी मला समजून घ्यायला हवं" ही इच्छा आहे आणि ती रास्त आहे. "त्यांनी न सांगता समजून घ्यायलाच हवं" असे म्हटले की ती मागणी होते आणि पुरी झाली नाही की तिचा संताप होतो. "मी चांगली मुलगी असायलाच हवं, चांगली सूनही असायलाच हवं" हे दोन 'च' एकाच शनिवारी एकमेकांवर आदळतात, तेव्हा जे होते त्यालाच तुम्ही मन भरून येणे म्हणता. इथे सावधगिरीची एक सूचना. या पद्धतीचा गैरवापरही होतो: बाईची तक्रार खरी असताना तिला "तुमच्या विचारातच खोट आहे" असे सांगून घरी पाठवले जाते. ज्याची तक्रार खरी आहे त्याचा 'च' काढून टाकल्यावरही तक्रार शिल्लक राहते आणि तिच्यावर काम करावेच लागते.

तुमची तक्रार मला खरी वाटते, म्हणून कामाच्या वाटणीविषयी थोडे सविस्तर लिहिते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले, की स्वतःच्या घरचे काम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवतात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. या मिनिटांत लक्षात ठेवण्याचे श्रम धरलेले नाहीत. मी जोडप्यांना एका मोठ्या कागदावर घरातली सगळी कामे लिहायला सांगते आणि प्रत्येक कामासमोर दोन रकाने करायला लावते: हे काम कोण करते आणि ते करायचे आहे हे कोणाच्या लक्षात असते. गॅसचा नंबर लावणे, शाळेच्या व्हॅनचे पैसे, आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या आहेत हे पाहणे, चुलतभावाच्या वास्तुशांतीचा आहेर, मुलीच्या प्रकल्पासाठी थर्मोकोल. पहिला रकाना बऱ्याच सुशिक्षित घरांत आता बऱ्यापैकी वाटलेला निघतो. दुसरा रकाना जवळजवळ संपूर्ण एकाच हस्ताक्षरात असतो. "मी कधी नाही म्हणतो? सांग, की करतो" असे पती प्रामाणिकपणे म्हणतात, सांगणे हेच एक काम आहे, हे त्यांना तो कागद दाखवतो, बायकोचे शब्द दाखवू शकत नाहीत. त्यानंतर चार-पाच कामे लक्षात ठेवण्यासकट पूर्णपणे हस्तांतरित करायची आणि ती बिघडली तरी तीन आठवडे हात घालायचा नाही, असे ठरवतो. हात न घालणे बहुतेक बायकांना फार जड जाते.

सासूबाईंचा उल्लेख तुम्ही एकदाच केला आहे, तक्रारीच्या सुरात नाही, त्यामुळे मी त्यात शिरत नाही. गरज पडली तर त्यांनाही एखाद्या भेटीला बोलावता येते. पुष्कळ वेळा घरातल्या ज्येष्ठ बाईकडे सुनेच्या थकव्याविषयी सगळ्यांत नेमकी माहिती असते.

समुपदेशनाआधी, किंवा त्याच्या बरोबरीने, एकदा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटून रक्त तपासून घ्या. थायरॉईडचा बिघाड, हिमोग्लोबिनची किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही सतत थकवा, चिडचिड आणि रडवेलेपणा येतो आणि नुसत्या बोलण्याने तो जात नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांचे मत घ्यायला हवे, कारण ते नैराश्य असू शकते आणि त्यावर औषधांचा चांगला उपयोग होतो. औषध आणि समुपदेशन एकत्र चालू शकतात. जगणे नकोसे वाटण्याचा विचार मनात डोकावला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगा आणि १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात नाही पण हे उत्तर वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागू असू शकेल. घरात मारहाण, धमक्या, पैशांची कोंडी किंवा जबरदस्ती होत असेल, तर जोडीने समुपदेशनाला जाऊ नये. नवऱ्यासमोर खरे बोललेल्या बाईला त्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते, हे मी कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एकदा चूक करून शिकले आहे आणि ती चूक मला अजून टोचते. अशा वेळी आधी सुरक्षितता पाहावी लागते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात शारीरिक हिंसेबरोबर शाब्दिक, भावनिक, लैंगिक आणि आर्थिक छळही धरला आहे; संरक्षण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. पोलिस यंत्रणेत बसून समाजकार्यकर्त्यांनी अशा स्त्रियांना मदत करण्याची व्यवस्थाही आपल्याकडे जुनी आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांत महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू झाला, तो याच कल्पनेवर.

समुपदेशक निवडताना संकोच न करता प्रश्न विचारा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती तपासता येते. 'समुपदेशक' ही पाटी लावण्यावर मात्र बरीच वर्षे तसा अंकुश नव्हता; २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने त्यांना आपल्या कक्षेत आणले आहे. तरीही शिक्षण काय, जोडप्यांसोबत काम करण्याचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का आणि स्वतःच्या कामाविषयी ज्येष्ठ समुपदेशकांचा सल्ला घेता का, हे तिन्ही प्रश्न तुम्ही विचारावेत. उत्तर देताना जो चिडेल, तो तुमच्या कामाचा नाही. खासगी शुल्क झेपत नसेल, तर वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांत केसपेपरच्या खर्चात सेवा मिळते, रांगेची तयारी मात्र ठेवावी लागते. तुमच्यापासून जवळ, ठाण्यात, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था आहे. दादरच्या नोकरीमुळे प्रत्यक्ष जाणे जमत नसेल, तर ऑनलाइन भेटीही चालतात. फक्त त्यासाठी दार लावता येईल अशी जागा हवी, आणि ती कुठे मिळेल हे आधी शोधून ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई दर गुरुवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून बोलतात.

चव्हाट्यावर मांडण्याच्या भीतीचे उत्तर गोपनीयतेत आहे. खोलीत झालेले बोलणे समुपदेशक तुमच्या नातेवाइकांना, कार्यालयाला किंवा ओळखीच्या कोणालाही सांगत नाही. याला अपवाद आहेत आणि ते पहिल्याच भेटीत सांगायला हवेत: कोणाच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाने आदेश दिला असेल किंवा लहान मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती पुढे आली असेल, जी पोक्सो कायद्यानुसार कळवावीच लागते. जोडप्याच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आधीच स्पष्ट करून घ्या. साधारणपणे एक भेट दोघांची, मग एकेक भेट प्रत्येकाची आणि नंतर पुन्हा एकत्र, असा क्रम असतो. एकट्याच्या भेटीत सांगितलेले गुपित समुपदेशक जोडीदारापासून राखणार की नाही, याचा प्रत्येकाचा नियम वेगळा असतो.

किती काळ लागेल, याचे अंदाजे उत्तर असे, की आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक, अशा आठ ते पंधरा भेटींत काही हालचाल दिसायला हवी. सहाव्या भेटीपर्यंत काहीच हललेले नसेल, तर ते समुपदेशकाला तोंडावर सांगा. मध्येच एखादा आठवडा पहिल्यापेक्षा वाईटही जातो, कारण इतके दिवस झाकलेले बोलले जाते. प्रत्येक जोडप्याचा शेवट एकत्र राहण्यातच होतो, असेही नाही. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी न्यायालयावर टाकली आहे आणि तिथे विवाह समुपदेशकही असतात; पण वेगळे व्हायचे ठरलेल्या जोडप्याने मुलाला दोघांमध्ये न ओढता वेगळे कसे व्हावे, हेही समुपदेशनाचे काम आहे. तुमच्या पत्रात मला त्या दिशेचे काही दिसले नाही. तीन दिवसांच्या अबोल्यानंतर पती चौथ्या दिवशी स्वतःहून चहा करून आणून ठेवतात, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. ते वाक्य मी दोनदा वाचले.

राहिला प्रश्न पतींना कसे विचारायचे हा. भांडणानंतर लगेच विचारू नका, कारण तेव्हा समुपदेशन ही शिक्षा वाटते, आणि "तुला गरज आहे" असे तर मुळीच म्हणू नका. नाशिकला न जाण्याच्या एखाद्या रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, स्वतःविषयी सांगा: "बाबा आजारी पडल्यापासून माझं मन थाऱ्यावर नाही, मी तुमच्यावर ओरडते ते मलाच आवडत नाही, म्हणून मी कोणाशी तरी बोलायला जाते आहे. एकदा तुम्ही आलात तर मला बरं वाटेल." ते नाही म्हणाले तर वाद घालू नका आणि आपली भेट रद्दही करू नका. चालीत दोघे असतात. एकाने पाऊल बदलले तरी दुसऱ्याला आपले पाऊल बदलावे लागते, त्यामुळे एकटीने सुरुवात करणे हा कमी दर्जाचा पर्याय नाही. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांपैकी बरीच आधी एकट्या बायकोच्या रूपाने आलेली असतात. नवरा चौथ्या-पाचव्या भेटीला "हिला सोडायला आलो होतो" म्हणून बाहेरच्या बाकावर बसतो. त्याला पाणी विचारायचे आणि आत बोलवायची घाई करायची नाही, एवढे आमच्या स्वागतकक्षातल्या मावशींना आता पाठ झाले आहे.